एका भयकथेची आई

हाडांचे सापळे, कवट्या, थडग्यातून उठणारी मढी... असल्या पुस्तकाचं नुसतं मुखपृष्ठ दिसलं, तरी आपल्यातल्या कितीतरी जणी ते मुलांच्या हातातून काढून घेतात. रात्री पोर दचकून उठायला नको, हा आपला साधा हिशेब. पण मैत्रिणींनो, जगातली सगळ्यात गाजलेली भयकथा एका अठरा वर्षांच्या मुलीने लिहायला घेतली होती, आणि तेव्हा तिच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ होतं, हे ठाऊक आहे का तुम्हाला?

त्या कथेचं नाव ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि लिहिणारीचं नाव मेरी शेली. चौकोनी डोक्याचा, मानेत खिळे ठोकलेला तो राक्षस सिनेमात, कार्टूनमध्ये, मुलांच्या टी-शर्टवर आपण कितीदा तरी पाहतो. त्याला जन्म देणारी बाई मात्र आपल्याला माहीत नसते. तिची गोष्ट तिच्या कथेइतकीच काळजाला हात घालणारी आहे.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा, लंडनमधला. तिची आई मेरी वुलस्टनक्राफ्ट ही त्या काळातली मोठी लेखिका. बायकांना शिक्षण द्या, त्यांना बाहुली समजू नका, असं ठणकावून सांगणारं तिचं पुस्तक १७९२ मध्ये निघालं होतं. वडील विल्यम गॉडविन हेही नामांकित विचारवंत. अशा घरात मुलगी जन्माला आली खरी, पण बाळंतपणात आईची वार नीट पडली नाही. डॉक्टरांनी हात घालून ती तुकड्यातुकड्यांनी काढली. जंतू म्हणजे काय, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं आणि हात स्वच्छ धुऊन मगच बाळंतिणीला हात लावायचा, ही रीतही नव्हती. तिला बाळंतज्वर झाला. १० सप्टेंबरला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी ती गेली. घरात उरली अकरा दिवसांची मेरी आणि आईची तीन वर्षांची आधीची मुलगी, फॅनी.

आपल्या जन्मामुळे आई गेली, ही बोचणी घेऊनच मेरी वाढली. लंडनच्या सेंट पँक्रस दफनभूमीत आईचं थडगं होतं. त्या दगडावर कोरलेल्या आईच्या नावावरून बोट फिरवत मेरी अक्षरं शिकली, असं सांगतात. थोडी मोठी झाल्यावर ती पुस्तक घेऊन तिथेच वाचत बसायची. आपण स्मशानाच्या वाटेनं मुलांना जाऊ देत नाही, आणि या पोरीला मायेची म्हणून जी काय जागा होती, ती थडग्यापाशी!

मेरी चार वर्षांची असताना वडिलांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई आपली दोन मुलं घेऊन आली. तिचं आणि मेरीचं कधी पटलं नाही. पण या नव्या संसारात एक गोष्ट छान झाली. नवरा-बायकोने मिळून मुलांच्या पुस्तकांचं दुकान आणि प्रकाशन काढलं. शेक्सपिअरच्या नाटकांच्या मुलांसाठी लिहिलेल्या गोष्टी आपल्यापैकी काहींनी शाळेत वाचल्या असतील. चार्ल्स आणि मेरी लॅम्ब या भावंडांनी लिहिलेलं ते पुस्तक १८०७ मध्ये गॉडविन यांच्याच दुकानातून बाहेर पडलं. म्हणजे मोठ्यांच्या गोष्टी मुलांना कशा सांगायच्या, याचा उद्योग मेरीच्या घरातच चाले.

घरी मोठमोठे लोक यायचे. कवी कोलरिज एकदा आपली लांबलचक कविता म्हणून दाखवत होता. एका शापित खलाशाची ती कविता. तिच्यात सापळ्यासारखं उघडंवाघडं जहाज येतं, मेलेले खलाशी उठून दोर ओढायला लागतात. मुलींनी झोपायला जायचं, असा सावत्र आईचा हुकूम होता. पण मेरी आणि सावत्र बहीण सोफ्यामागे लपून ती ऐकत राहिल्या, अशी आठवण सांगितली जाते. मुलांना भुताची गोष्ट नको म्हटलं की ती दाराआडून ऐकतात, हे दोनशे वर्षांपूर्वीही असंच होतं बघा!

पुढे या घरी पर्सी बिश शेली हा तरुण कवी येऊ लागला. तो श्रीमंत घरचा, बंडखोर आणि विवाहित. मेरी सोळा वर्षांची होती. दोघं आईच्या थडग्यापाशी भेटत. २८ जुलै १८१४ च्या पहाटे मेरी त्याच्याबरोबर घरातून पळून गेली. सावत्र बहीण क्लेअरही सोबत होती. मागे शेलीची गरोदर बायको हॅरिएट तशीच राहिली. यात मेरीचं कौतुक करावं असं काही नाही. त्या हॅरिएटचं काय झालं असेल, हा विचार बाई म्हणून मनात आल्याशिवाय राहत नाही. वडिलांनी मेरीशी बोलणंच टाकलं. एरवी जुन्या चालीरीतींविरुद्ध लिहिणारे हे गृहस्थ, पण स्वतःच्या लेकीवर वेळ आली तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं.

फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली. दोन आठवडेही ती जगली नाही. तिचं बारसंसुद्धा झालं नव्हतं. त्यानंतर मेरीला एक स्वप्न पडलं आणि तिने ते डायरीत टिपून ठेवलं. बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गारठलं होतं. शेकोटीपाशी धरून चोळल्यावर ते हललं, जिवंत झालं... मग जाग आली, आणि बाळ नव्हतं. सतरा वर्षांच्या आईचं हे स्वप्न लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

जानेवारी १८१६ मध्ये दुसरं बाळ झालं. त्याचं नाव विल्यम. त्याला घेऊन ही मंडळी उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला जिनिव्हाच्या तळ्याकाठी राहायला गेली. शेजारच्याच बंगल्यात प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन आणि त्याचा तरुण डॉक्टर पॉलिडोरी होते. पण त्या साली उन्हाळा आलाच नाही! आदल्या वर्षी एप्रिलमध्ये इंडोनेशियातला तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला होता. त्याची धूळ आणि वायू आभाळभर पसरले, ऊन अडलं आणि युरोपात पिकं कुजली. इतिहासात १८१६ हे साल उन्हाळा नसलेलं साल म्हणून ओळखलं जातं. सतत पाऊस, विजांचा कडकडाट, घराबाहेर पडायची सोय नाही. मग शेकोटीभोवती बसून जर्मन भुताखेतांच्या गोष्टींचं एक पुस्तक वाचून झालं. ते संपल्यावर बायरनने टूम काढली की, प्रत्येकाने स्वतःची एक भुताची गोष्ट लिहायची.

दोन्ही नावाजलेल्या कवींनी थोडं खरडून सोडून दिलं. पॉलिडोरीने पुढे रक्तपिपाशाची एक गोष्ट लिहिली, ती १८१९ मध्ये छापली गेली. मेरीला काही सुचेना. रोज सकाळी विचारणा व्हायची आणि रोज तिला नाही म्हणावं लागायचं. मग एका रात्री पुरुषमंडळींच्या गप्पा रंगल्या. विजेने मेलेल्या देहात प्राण आणता येईल का, हा विषय. हे नुसतं हवेतलं बोलणं नव्हतं बरं का! इटलीच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलवून दाखवले होते. त्याच्या भाच्याने, अल्डिनीने, १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका माणसाच्या प्रेतावर असाच प्रयोग केला, तेव्हा प्रेताचा जबडा हलला आणि एक डोळा उघडला होता. त्या रात्री मेरीला झोप लागेना. अर्धवट जागेपणी तिला दिसलं की, एक तरुण विद्यार्थी आपणच जोडलेल्या देहापाशी बसलाय, तो देह हलतोय, आणि विद्यार्थी भीतीने पळत सुटलाय. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की, मला गोष्ट सापडली.

गोष्ट थोडक्यात अशी. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन नावाचा हुशार विद्यार्थी थडग्यांतून हाडं गोळा करतो, शवविच्छेदनाच्या खोलीतून आणि कत्तलखान्यातून अवयव आणतो आणि आठ फूट उंचीचा देह तयार करतो. त्यात प्राण येतो. तो डोळे उघडतो, आणि त्याचं रूप पाहून व्हिक्टर त्याला टाकून पळून जातो. फ्रँकेन्स्टाइन हे नाव या करणाऱ्याचं आहे. राक्षसाला नावच नाही, कारण ते ठेवायला कुणी थांबलंच नाही. तो जीव एका झोपडीच्या आडोशाला राहतो, भिंतीच्या फटीतून घरातल्या माणसांचं बोलणं ऐकून भाषा शिकतो, पुस्तकं वाचतो. घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलायचं धाडस करतो. म्हातारा मायेने बोलतो, कारण त्याला काही दिसत नसतं. तेवढ्यात बाकीचे येतात आणि याला बडवून हाकलतात. मग मात्र त्याच्यातलं माणूसपण करपतं. तो खून करतो, आणि पहिला बळी जातो व्हिक्टरच्या छोट्या भावाचा. त्या भावाचं नाव मेरीने काय ठेवलं असेल? विल्यम. मांडीवर खेळणाऱ्या स्वतःच्या बाळाचंच नाव.

बी.ए.ला असताना मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली, तेव्हा सगळं लक्ष राक्षसाकडेच होतं. पुढे संसार झाला, मुलं झाली, बाळंतिणी आणि लहान मुलांसाठी वस्तीत काम करू लागले, आणि मग ती पुन्हा हातात घेतली. या वेळी अंगावर काटा आला तो दुसऱ्याच पानावर. जन्मलेल्या जिवाने डोळे उघडावेत आणि समोर कुणीच नसावं... यापेक्षा भयंकर काय असतं हो? दगावलेल्या बाळाबद्दल बोलायला वस्तीतल्या बायका किती कचरतात, ते मी पाहिलं आहे. चौथ्या दिवशी कामाला लागतात. सगळे म्हणतात, लहान आहेस, होईल दुसरं. त्या बाळाचं नाव नसतं, फोटो नसतो. पण वीस-वीस वर्षांनी एखादी बाई हळूच त्याचा महिना आणि वार सांगते. मेरीलाही तिच्या त्या बिननावाच्या मुलीबद्दल बोलायला कुणी नव्हतं. तिने ते भुताच्या गोष्टीत घातलं.

पुस्तक लिहून होईपर्यंतही मृत्यूने तिची पाठ सोडली नाही. ऑक्टोबर १८१६ मध्ये फॅनीने आत्महत्या केली. डिसेंबरमध्ये हॅरिएटचा मृतदेह लंडनच्या एका तळ्यात सापडला. त्यानंतर काही आठवड्यांतच, ३० डिसेंबरला, शेली आणि मेरीचं लग्न झालं. तेव्हा कुठे वडील बोलू लागले. १ जानेवारी १८१८ रोजी ‘फ्रँकेन्स्टाइन’ तीन खंडांत प्रसिद्ध झालं. प्रती फक्त ५००, आणि त्यांवर लेखिकेचं नावच नाही! प्रस्तावना नवऱ्याने लिहिलेली, त्यामुळे पुस्तकही त्याचंच, असा बऱ्याच जणांचा समज झाला. १८२३ च्या दुसऱ्या आवृत्तीवर तिचं नाव आलं. तरी गंमत बघा, १९३१ मध्ये हॉलीवूडने या कथेवर तो गाजलेला सिनेमा काढला, तेव्हा पडद्यावर कादंबरीकार म्हणून झळकलं ते ‘मिसेस पर्सी बी. शेली’. लग्नपत्रिकेत ‘सौ. अमुक तमुक’ एवढीच ओळख उरलेल्या आपल्याला हे काही फार नवं वाटायचं नाही, नाही का?

पुढची चार-पाच वर्षं ही मंडळी इटलीत होती. सप्टेंबर १८१८ मध्ये व्हेनिसला धाकटी क्लारा गेली, जेमतेम एक वर्षाची. जून १८१९ मध्ये रोमला विल्यम तापाने गेला, साडेतीन वर्षांचा. नोव्हेंबरात पर्सी फ्लोरेन्स हा मुलगा झाला. तेवढा एकच जगला. जून १८२२ मध्ये पाचव्या खेपेला गर्भपात होऊन मेरी मरणाच्या दारी पोचली. शेलीने तिला बर्फात बसवून रक्तस्राव थांबवला. त्यानंतर महिन्याभरातच, ८ जुलैला, वादळात बोट बुडून शेलीच गेला. मेरी तेव्हा चोवीस वर्षांची होती.

यानंतरची मेरी मला सगळ्यात जास्त आवडते. तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण जिनिव्हाच्या त्या रात्रीपाशी थांबतात. पण पदरात अडीच-पावणेतीन वर्षांचं मूल घेऊन विधवा बाईने पुढची एकोणतीस वर्षं कशी काढली, ते आपल्याला जास्त कळेल. सासरे सर टिमथी शेली श्रीमंत होते. मुलगा आम्ही नेमू त्या पालकाकडे सोपव, तरच त्याचा खर्च देऊ, असा त्यांचा निरोप आला. मेरीने साफ नकार दिला. पुढे त्यांनी थोडी रक्कम चालू केली, तीही नातवाच्या पुढच्या वारशातून वळती करायच्या बोलीवर. शिवाय शेलीचं चरित्र लिहायचं नाही, ही अट. उरलेला खर्च मेरीने लेखणीवर भागवला. कादंबऱ्या, मासिकांसाठी कथा, ज्ञानकोशासाठी लेखकांची चरित्रं, मिळेल ते लिहिलं. १८२६ मधल्या ‘द लास्ट मॅन’ या कादंबरीत तिने साथीच्या रोगाने सगळं जग ओस पडलेलं दाखवलं. करोनाच्या दिवसांत ती जगभर पुन्हा वाचली गेली. १८३९ मध्ये तिने शेलीच्या कवितांचा संग्रह संपादित केला. चरित्र लिहायला बंदी ना? मग तिने कवितांना टिपा जोडल्या आणि त्या टिपांमधूनच नवऱ्याचं आयुष्य सांगून टाकलं! शेली आज एवढा मोठा कवी मानला जातो, त्यामागे या बाईचे कष्ट आहेत. दुसरं लग्न तिने केलं नाही.

मुलांची पुस्तकं निवडणाऱ्या आयांसाठी आणखी एक गोष्ट सांगते. १८२० मध्ये इटलीत असताना मेरीने ओळखीतल्या लॉरेट नावाच्या छोट्या मुलीसाठी ‘मॉरिस’ नावाची एक गोष्ट लिहिली होती. आईवडिलांपासून हरवलेला एक मुलगा आणि त्याला शोधत फिरणारा बाप, अशी ती गोष्ट. शेवटी बाप सापडतो. वडिलांनी आपल्या दुकानातून ती छापायचं नाकारलं. पुढे ती हरवलीच होती. १९९७ मध्ये इटलीतल्या एका घरात तिची वही सापडली आणि १९९८ मध्ये ती पुस्तक म्हणून निघाली. म्हणजे मोठ्यांच्या गोष्टीत टाकलेलं मूल राक्षस झालं आणि छोट्यांच्या गोष्टीत हरवलेलं मूल घरी परतलं. दुःख तेच, पण कुणाला किती सांगायचं, हे मेरीला नेमकं कळत होतं.

आपणही एवढंच भान ठेवावं, असं मला वाटतं. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हाडं वाजवत नाचणारा गमतीदार सापळा दाखवा. मुलं खुदुखुदु हसतात, आणि बरगड्या कुठे, मणका कुठे, तेही शिकतात. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या संक्षिप्त, चित्रांच्या आवृत्त्या मिळतात. त्या मात्र शेजारी बसून वाचा. राक्षसाला सगळे दगड मारतात त्या पानावर थांबा आणि विचारा की, यात खरा वाईट कोण? आपल्या विक्रम-वेताळाच्या गोष्टीही शेवटी प्रश्नच विचारतात ना? चौदा-पंधराच्या वयात, रूपावरून आणि उंचीवरून चिडवाचिडवी चालते तेव्हा, त्या जिवाचं एकटेपण मुलांना बरोबर कळतं. आणि आपण? आपण ती आपल्यासाठी वाचावी. भीती मुलांच्या मनात आधीपासून असतेच. आई गेली तर, घरी कुणीच नसलं तर... गोष्ट त्या भीतीला एक तोंड देते आणि मग तिच्याबद्दल बोलता येतं. पुस्तक हिसकावून घेतलं, तर ते बोलणं तेवढं राहून जातं.

मेरी १ फेब्रुवारी १८५१ रोजी लंडनमध्ये गेली, त्रेपन्नाव्या वर्षी. बोर्नमथला तिला पुरलं, आणि तिच्या सुनेने मेरीच्या आईवडिलांचे अवशेष सेंट पँक्रसहून आणून तिच्या शेजारी ठेवले. अकरा दिवसांची असताना सुटलेली आई तिला अशी परत मिळाली. वर्षश्राद्धाच्या सुमाराला मुला-सुनेने तिची लिहिण्याची पेटी उघडली. आत नवऱ्याच्या कवितेच्या पानात गुंडाळलेले त्याच्या हृदयाचे अवशेष होते, आणि गेलेल्या मुलांच्या केसांच्या बटा होत्या. जगाला घाबरवणाऱ्या त्या बाईने मुलांच्या त्या बटा तीस-तीस वर्षं जपून ठेवल्या होत्या.